संगमरवरातली भिकारीण: गरिबी इतकी देखणी असावी का?

लंडनकर
पाहुणे आले की वेस्टमिन्स्टर ॲबी हे जुनं चर्च दाखवायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. राजे-राण्या, कवी यांची थडगी बघून झाली की मी त्यांना उत्तरेच्या बाजूला एका आईच्या मूर्तीपाशी नेतो. बेघर बाई, मांडीवर तान्हं लेकरू, सगळं शुभ्र संगमरवरात. शिल्पकार रिचर्ड वेस्टमॅकॉट. स्मारक मात्र तिचं नाही. ते आहे १८१६ साली वारलेल्या एलिझाबेथ वॉरन या बिशपच्या विधवेचं. बाई दानशूर होत्या, म्हणून ही मूर्ती.
परवा भाची म्हणाली, "मामा, ही उपाशी वाटतच नाही." खरंच की! अंग सुडौल, वस्त्राच्या चुण्या ग्रीक देवीसारख्या. गरिबीला न्हाऊमाखू घालून चर्चमध्ये बसवल्यासारखं वाटतं. मला आता हे शिल्प खोटं वाटायला लागलंय.

टाकीवाला
भाचीची नजर चांगली आहे, पण निकाल घाईचा. वेस्टमॅकॉट रोमला कानोव्हा या इटालियन शिल्पकाराकडे शिकलेला. त्या नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या घराण्याचा हट्टच असा, की दुःखानेसुद्धा चेहरा वेडावाकडा होता कामा नये. हाडं मोजता येतील अशी बाई घडवणं त्याला अशक्य नव्हतं, त्याला ती नकोच होती.
आणि त्या काळच्या थडग्यांवर काय असायचं? अस्थिकलशावर मान टाकून रडणारी एखादी बाई, नाहीतर पंखवाला देवदूत. त्या जागी रस्त्यावरची आई बसवणं ही लहान गोष्ट नाही. वॉरनबाईंची स्वतःची मूर्ती तिथे नाही, हेही बघा.

कावेरी
मूर्ती नाही, पण नाव कुणाचं कोरलंय? दान घेणारी निनावी आणि देणारीचं नाव दगडात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं, तसंच हे. फक्त इथे पायरीच्या जागी माणूस आहे.
नेपोलियनची युद्धं १८१५ ला संपली. सैन्यातून सुटलेले लोक आणि गरीब बायका इंग्लंडच्या रस्त्यांवर आल्या. १८२४ साली त्याच देशाने भीक मागणं आणि उघड्यावर झोपणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. म्हणजे ही बाई जिवंत होऊन ॲबीबाहेर बसली असती, तर थेट तुरुंगात!

टाकीवाला
कायदा शिल्पकाराने केला नव्हता. उलट अशा काळात तो तिला आत घेऊन आला.

कावेरी
याच वेस्टमॅकॉटने वॉरन हेस्टिंग्जचा पुतळाही केला. हो, मराठे-इंग्रजांच्या सालबाईच्या तहाच्या वेळचा तोच गव्हर्नर जनरल. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. पायाशी एक ब्राह्मण आणि एक मुसलमान विद्वान, दोघेही शांत, देखणे. ज्यांच्यावर राज्य केलं तेही देखणे आणि ज्यांना भीक घातली तेही देखणे. हा योगायोग मला पचत नाही.

स्वल्पविराम
अवांतर: त्या भिकारणीला बघायला पर्यटकांना तिकीट काढावं लागतं. चांगलं महाग!

टाकीवाला
हेस्टिंग्जचा मुद्दा लागला, मान्य. तो पुतळा मलाही आवडत नाही. पण दोन्हींना एका मापाने मोजू नका. तिथे पायाशी बसवलेली माणसं मोठ्या माणसाला आणखी मोठं करायला आहेत. इथे वर मोठा माणूसच नाही. ती आई आणि तिचं पोर, एवढंच.

लंडनकर
हे वाचून काल पुन्हा जाऊन आलो. ती उपाशी दिसत नाही, या मतावर मी ठाम आहे. पण दमलेली दिसते. ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.