‘मायर’ की ‘मेयर’? एक जर्मन आडनाव आणि त्याच्या अनेक वर्तण्या

अक्षरजुळणी यांचा प्रश्न:

विज्ञानाच्या इतिहासावरील टिपणे लिहिताना मला तीन जर्मन शास्त्रज्ञांची नावे एकापाठोपाठ आली : ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडणारे रॉबर्ट, मूलद्रव्यांचे कोष्टक मांडणारे लोथर आणि उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट. मराठीत तिघांचेही आडनाव मी ‘मेयर’ असेच लिहीत आलो. मूळ वर्तणी पाहिली, तेव्हा पहिल्याचे एम-ए-वाय-ई-आर, दुसऱ्याचे एम-ई-वाय-ई-आर आणि तिसऱ्याचे केवळ एम-ए-वाय-आर निघाले. ही तीन आडनावे समजावीत की एकच? महापौराला इंग्रजीत ‘मेयर’ म्हणतात, तोच याचा अर्थ आहे काय?

जुना_दस्त यांचे उत्तर:

आडनाव एकच आहे. महापौराशी त्याचे नाते मात्र चुलत म्हणावे असे आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘मायोर’, म्हणजे ‘अधिक मोठा’, या शब्दापासून आले. मध्ययुगाच्या आरंभी पश्चिम युरोपावर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या राजदरबारात राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याला ‘मायोर दोमुस’ म्हणत. हे पद एका घराण्याने इतके बळकट केले, की ७५१ मध्ये त्यातील पेपिन स्वतःच राजा झाला. जर्मन भाषेत हाच शब्द खाली उतरला आणि जमीनदाराच्या किंवा मठाच्या शेतवाडीची व्यवस्था पाहणारा, कुळांकडून धान्य व वेठ वसूल करणारा, प्रसंगी त्यांचे तंटे मिटवणारा माणूस ‘मायर’ ठरला. पुढे ही व्यवस्था मोडली, वाड्या खंडाने दिल्या जाऊ लागल्या आणि अनेक भागांत, विशेषतः आजच्या लोअर सॅक्सनीत, मायर म्हणजे मोठी जमीन कसणारा खंडकरी असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे एखाद्या मायर घराण्याचा पूर्वज वसुली करणारा होता की वसुली देणारा, हे आडनावावरून सांगता येत नाही. जर्मनीत महापौराला ‘ब्यूर्गरमाइस्टर’ म्हणतात, हेही लक्षात ठेवावे.

‘श्टाइनमायर’, ‘नीडरमायर’, ‘ओबरमायर’ यांसारखी जोड आडनावे याच मुळाची आहेत. एका प्रदेशात मायर उदंड झाले, की खालच्या वाडीचा कोण आणि वरच्या वाडीचा कोण, हे वेगळे सांगावेच लागे.

उत्तरवारा यांचे उत्तर:

वर्तणीबद्दल थोडी भर घालतो. जर्मनमध्ये ‘ई-आय’, ‘ए-आय’, ‘ई-वाय’ आणि ‘ए-वाय’ या चारही जोड्यांचा उच्चार ‘आय’ असाच होतो, म्हणून पाद्री किंवा कारकून आपल्या सवयीप्रमाणे लिहीत असे आणि एकाच कुटुंबातील दोन भावांची नोंद दोन प्रकारे होणे अजिबात अवघड नव्हते. सबंध जर्मन साम्राज्यात १८७६ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर जी वर्तणी नोंदली गेली, ती बहुधा कायम राहिली. १९०१ मध्ये शुद्धलेखनाचे नियम ठरले, तेही आडनावांना लागू नव्हते. आजही फोनवर नाव सांगताना ‘ई-वायवाला मायर’ असा खुलासा करावा लागतो.

आपले तिन्ही शास्त्रज्ञ या वर्तण्यांचा नकाशाच काढून देतात. लोथर १८३० मध्ये उत्तरेकडील फारेल येथे, रॉबर्ट १८१४ मध्ये नैर्ऋत्येकडील हाइलब्रोन येथे आणि अर्न्स्ट १९०४ मध्ये बव्हेरियातील केम्प्टन येथे जन्मले. ई-वाय उत्तरेत अधिक आढळते, ‘ए’ने सुरू होणाऱ्या वर्तण्या दक्षिणेत, आणि शेवटचा ‘ई’ गाळलेले रूप बव्हेरिया व ऑस्ट्रियाचे.

पानगळ यांचे उत्तर:

वरील व्युत्पत्ती सर्वांना लावू नये. ज्यू कुटुंबांतील ‘मायर’ बहुतेकदा हिब्रू ‘मेइर’, म्हणजे ‘प्रकाश देणारा’, या व्यक्तिनामावरून आलेला असतो. रोथशिल्ड घराण्याचा संस्थापक मायर आम्शेल याचे ते पहिले नावच होते. ऑस्ट्रियात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना कायमचे आडनाव घेणे भाग पडले, तेव्हा ऐकायला जर्मन शब्दासारखेच असलेले हे नाव अनेकांना सोयीचे वाटले असावे. एक गंमत अशी, की आडनाव फार पसरल्याने पुढे ते चेष्टेचा प्रत्ययही झाले : ‘श्लाउमायर’ म्हणजे अतिशहाणा, ‘आंग्स्टमायर’ म्हणजे भित्रा. ‘बीडरमायर’ हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मध्यमवर्गीय जर्मन राहणी व कलाशैलीसाठी वापरला जाणारा कालखंडदर्शक शब्ददेखील १८५० च्या दशकात म्यूनिकच्या एका विनोदी साप्ताहिकातील काल्पनिक, साध्याभोळ्या शिक्षकाच्या आडनावावरून आला.

अक्षरजुळणी :

सर्वांचे आभार. टिपणांत तिघांचेही आडनाव ‘मायर’ असे लिहून प्रत्येकाची मूळ वर्तणी पहिल्या उल्लेखाच्या वेळी अक्षरे फोडून देईन. ‘मेयर’ हा शब्द महापौरांसाठीच ठेवतो.