मदत हवी आहे: पोट साफ व्हायला जोराचं औषध सांगा

मांजराकाठ: आबांना परवापासून संडास नाही. पोट टम्म फुगलंय, रात्रीपासून उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं, फरक नाही. लवकर सांगा. केजजवळ आहोत.

देशमुखकाका: दोन चमचे एरंडेल, कोमट दुधातून. आमच्या आईला कायम हेच.

शुभांगी_परभणी: काका, थांबा हो. दादा, वय किती? वारा सरतोय का? उलटीचा रंग? आधी पोटाचं ऑपरेशन?

मांजराकाठ: वय ७४. वारा कालपासून बंद. उलटी हिरवी. ऑपरेशन लई जुनं, अल्सरचं. औषधाचं नाव सांगा ना ताई.

रानवारा: इसबगोल द्या, निसर्गाचं आहे.

शुभांगी_परभणी: काहीच देऊ नका! मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वारा बंद आणि हिरवी उलटी म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं. एरंडेलाने आतडं आणखी जोर करतं, पुढे वाट नसली तर फुटायची भीती. इसबगोल आतच फुगतं. पाणीसुद्धा तोंडाने नको. दात आहेत का? खाण्यात काय होतं?

मांजराकाठ: कवळी ढिली, काढूनच ठेवतात. शेवग्याची शेंग चोखून चोथाही गिळतात. बोरं सालीसकट. शेतात हुरडा झाला. शुगर आहे.

हुरडाप्रेमी: हुरडा गुळभेंडीचा का? आमच्याकडे यंदा पक्ष्यांनी ठेवलाच नाही.

शुभांगी_परभणी: अल्सरच्या त्या जुन्या ऑपरेशननंतर जठर नीट घुसळत नाही, शुगरने आणखी मंदावतं. न चावलेल्या चोथ्याचा गोळा होतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. जुन्या टाक्यांपाशी आतडी चिकटूनही असंच होतं, उलट तेच जास्त दिसतं. सीटी स्कॅन केल्यावर कळेल. १०८ ला फोन करा, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला न्या.

रानवारा: कोका-कोलाने असा गोळा विरघळतो, वाचलंय मी.

शुभांगी_परभणी: जठरातला गोळा, तोही दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आतडं अडलेल्याला घरी पाजायचा नाही.

देशमुखकाका: एरंडेलाने आजवर कुणाचं वाईट झालेलं बघितलं नाही.

मांजराकाठ: काका, राहू द्या. गाडी निघालीय. ताई, लगेच कापतील का?

शुभांगी_परभणी: आधी सलाईन आणि नाकातून नळी, पोट मोकळं करायला. गोळा अडकलेलाच राहिला तर ऑपरेशन. वेळेत पोचलं तर आतडं वाचतं, म्हणून घाई. अल्सरचं ऑपरेशन आणि शेवग्याचा चोथा, दोन्ही डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.