सिम्युलेटरचा व्हिडिओ अडखळतोय? आपापले अनुभव टाका

उलवेवाला
२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून आमच्या गच्चीवरून विमानं दिसायला लागली. त्यादिवशी कपडे काढायला गेलो आणि एक डोक्यावरून गेलं, तेव्हापासून जुना एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा सिम्युलेटर) डोक्यातून जाईना. तो खेळायचो तेव्हा स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या फ्रॅप्सची फुकट आवृत्ती तीस सेकंदांनी थांबायची, वर शिक्का उमटवायची तो वेगळाच. मुंबईच्या रनवे २७ वरचं लँडिंग तुकड्यातुकड्यांनी जोडायचो. पीसी दमायचा, चित्र धक्के खात यायचं. मग एक युक्ती सापडली: रिप्ले निम्म्या वेगाने लावायचा, तोच रेकॉर्ड करायचा, एडिटिंगमध्ये दुप्पट वेग. विमान लोण्यासारखं! आवाज मात्र वेगळा घ्यावा लागतो. तुम्ही काय करता?

पाचपाखाडी_पायलट
सेकंदाला ६० फ्रेमचा हट्ट सोडा राव. सिम ३५ ते ५५ मध्ये नाचतंय आणि रेकॉर्डिंग ६० वर, म्हणजे काही फ्रेम दोनदा येणार, काही एकदाच. तेच डोळ्याला टोचतं. सिम ३० ला लॉक करा, रेकॉर्डिंगही ३०. आकडा कमी पण अंतर सारखं. ढगांतून वळताना फरक लगेच दिसतो.

घणसोली_सेक्टर
+१. आणि ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) फाइलचा प्रकार एमकेव्हीच ठेवा. ऐन फ्लेअरला, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना, आमची लाईट गेली. एमपी४ असती तर फाइल उघडलीच नसती बहुतेक, एमकेव्हीत त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून (नुसतं फाइलचं वेष्टन बदलून) एमपी४ करता येते, पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. इन्व्हर्टर घ्यायचाय, कोणाकडे चांगला आहे?

कळव्याची_आई
मी काही उडवत नाही, मुलगा उडवतो. जेवायला हाक मारली की "आई, फायनलला आहे!" पोळ्या गार. व्हिडिओत माझाच आवाज येतो म्हणून आता माझ्यावरच चिडतो.

उलवेवाला
ताई, फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, खरंच उठता येत नाही हो 😄 त्याला माइकचा ट्रॅक वेगळा रेकॉर्ड करायला सांगा, नंतर नुसता बंद करायचा.

कळव्याची_आई
सांगते. त्याला म्हणावं तेवढं तरी शिक.

जुना_गडी
रेकॉर्डरवाल्यांनी एक लक्षात घ्या. व्हिडिओ नाही, विमानाची जागा नोंदवून नंतर परत उडवणारे प्रोग्राम असतात, त्यांच्याबद्दल बोलतोय. उतरताना वेग १४० नॉट्सच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ७२ मीटर. सेकंदाला एकच नोंद असेल तर दोन नोंदींमधली ती ७२ मीटर प्रोग्रामला गणिताने भरावी लागतात. ती नीट भरली नाहीत की विमान ढकलल्यासारखं चालतं, आणि आपण बसतो ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत. नोंदी वाढवा, फाइल मोठी झाली तर होऊ दे. शिवाय बाहेरच्या कॅमेऱ्याने बघताना जास्त जाणवतं, कॉकपिटमधून तेवढं नाही.

खारघर_हिल
एडिटरमध्ये आवाज पुढेमागे होतोय का कोणाचा? फाइल व्हेरिएबल फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त फ्रेमची असेल. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममधून काढा, कॉन्स्टंट निवडा. माझं काम झालं. बाकी नंतर, दूध उतू चाललंय

कोपरखैरणे_खाडी
सगळे २७, २७ करताय म्हणून. त्या अप्रोचची विमानं आमच्यावरून खाडी ओलांडून घाटकोपरकडे जातात. सिममध्ये खाडी निळीशार! खऱ्या खाडीचा रंग बघायला या एकदा ओहोटीला. फ्लेमिंगो पण नाहीत त्यात.

पाचपाखाडी_पायलट
फ्लेमिंगो टाकले तर फ्रेम रेट अजून पडेल 😂

जुना_गडी
ठाण्यातले कोण कोण आहेत इथे? रविवारी मामलेदार मिसळला भेटू, पेन ड्राइव्हवर माझ्या सेटिंग्ज देतो.

घणसोली_सेक्टर
येतो. मीडियम घेणार, तिखटाचा आग्रह करायचा नाही. आणि इन्व्हर्टरचं कोणी सांगितलंच नाही.