मदत हवी आहे : पॉप-अप कॅम्पर पावसाळाभर उघड्यावर कसा ठेवावा?

कोल्हापुरात कळंब्याकडे राहतो. पिकअपवरचा पॉप-अप कॅम्पर आहे, म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवलेली, प्रवासात राहण्या-झोपण्याची छोटी खोली. छत उचललं की चारही बाजूंना कॅनव्हास. जून ते सप्टेंबर तो अंगणातच राहणार. जागा भाड्याची, त्यामुळे पक्की शेड घालता येत नाही.

पाण्याची टाकी रिकामी केली, बॅटरी आणि गाद्या घरात आणल्या, कॅनव्हास वाळवूनच छत बंद केलं. वरून ताडपत्री घट्ट बांधली, तर आत दमटपणा कोंडला आणि घड्यांत बुरशीचे काळे ठिपके आले. असा कॅनव्हास इथे सहज शिवून मिळत नाही, म्हणून फार काळजी वाटते. उघडीप मिळाली की छत उचलून वारा देतो, पण झड लागली की तेही जमत नाही.

ताडपत्री बांबूच्या कमानीवर, छतापासून हातभर उंच ताणली तर भागेल, की हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हरच हवं?