'शाश्वत', 'टिकाऊ' की 'झेपणारं'?

प्रश्न : गिर्यारोहणाचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीचा पर्यावरण अहवाल मराठीत आणतेय. 'सस्टेनेबल' दर परिच्छेदात येतो. 'शाश्वत जॅकेट' लिहिलं की मी स्वतःच अडखळते, 'टिकाऊ जॅकेट' लिहिलं तर भलताच अर्थ होतो. 'रिसायकल्ड' आणि 'ग्रीनवॉशिंग' हे शब्दही आहेत. काय वापरू?

प्रतिसाद : अडखळताय ते बरोबरच आहे. 'शाश्वत विकास' आपल्याकडे रुळला त्यामागे ब्रुंटलंड आयोगाचा १९८७ चा अहवाल आहे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, अशी त्यातली व्याख्या. म्हणजे हे वर्णन वागण्याचं आहे, वस्तूचं नाही. वस्तूला 'शाश्वत' म्हटलं की त्याचा मूळ अर्थ वर येतो : कधीच नाश न पावणारं. ते आत्म्याला शोभतं, जॅकेटला नाही.

या कपड्यांच्या बाबतीत तर अर्थ पुरता उलटा होतो. पावसाचे थेंब कापडावरून ओघळून जावेत म्हणून वर्षानुवर्षं 'पीफास' गटातली रसायनं वापरली गेली. त्यांच्यातला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की माती-पाण्यात गेली की ती जवळपास विघटितच होत नाहीत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत ती मुद्दाम घालायला बंदी आहे, पण मुसळधार पावसात घालायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत मिळाली, तीही तसं लेबल लावण्याच्या अटीवर. तेव्हा अशा जॅकेटात शब्दशः शाश्वत काय असेल तर हीच रसायनं. वाचकाला तुम्ही नेमकं उलटं सांगायला निघाला आहात.

मी 'झेपणे' हे क्रियापद सुचवेन. 'निसर्गाला झेपेल असं उत्पादन.' 'झेपणे' म्हटलं की किती, कुणाला, किती काळ हे प्रश्न आपोआप येतात आणि मूल्यमापनाला तेच तर लागतात. नदीला कापड रंगवल्याचं किती सांडपाणी झेपतं? वर्षाला किती लाख जॅकेटं झेपतील? 'शाश्वत'मध्ये यातला एकही प्रश्न उठत नाही, शब्द नुसता छान वाटतो.

'टिकाऊ' टाकून देऊ नका, त्याच्या जागी ठेवा. पॅटागोनिया कंपनीने २५ नोव्हेंबर २०११ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये 'हे जॅकेट विकत घेऊ नका' अशी पानभर जाहिरात दिली होती. जॅकेट अतिशय टिकाऊ आहे, असं तिच्यातच म्हटलं होतं. आणि तिथंच हेही कबूल केलं होतं की ते बनवायला १३५ लिटर पाणी लागलं आणि त्याच्या वजनाच्या २४ पट कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. टिकणं वेगळं, झेपणं वेगळं, हे यापेक्षा स्पष्ट कुठं दिसणार?

आता 'रिसायकल्ड'. 'पुनर्चक्रित' शब्दात चक्र आहे, पण बाटलीचा धागा होतो तेव्हा चक्र बहुतेक वेळा तिथंच थांबतं. बाटल्यांचा चुरा वितळवतात, बारीक छिद्रांतून धागा ओढतात, कापड विणतात. त्या कापडात स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, मिसळला की पुन्हा वेगळं काढणं महाकठीण. माझ्या जॅकेटच्या कॉलरमागं 'पुनर्चक्रित पॉलिएस्टर' असं लेबल आहे. तिथं 'बाटल्यांपासून केलेलं पॉलिएस्टर' असतं तर मला जास्त कळलं असतं. अहवालात माल कशापासून आला ते दिलं असेल तर तसंच लिहा.

'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणाची काळजी घेत असल्याचा नुसता देखावा. त्याला 'हरितधुलाई' मुळीच नको. मूळ शब्दातलं वॉशिंग भिंतीला चुना फासण्याचं आहे, कपडे धुण्याचं नव्हे. कपड्यांच्या अहवालात तर वाचक हमखास फसेल. 'हिरवा मुलामा' म्हणा. वर पातळ सोनेरी थर आणि आत पितळ, हे 'मुलामा' ऐकताच कळतं.

शंका : 'शाश्वत' आता पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी कागदांत पक्का बसलाय. एका अनुवादासाठी तो हलवायचा?

प्रतिसाद : 'शाश्वत विकास उद्दिष्टे' जिथं नावानं येतात तिथं तसंच ठेवावं, त्याला हात लावू नये. माझं म्हणणं फक्त वस्तूला लावलेल्या विशेषणाबद्दल आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देशही याच दिशेचा आहे : पुरावा नसताना 'पर्यावरणस्नेही'सारखी मोघम विशेषणं ग्राहकापुढं मिरवायला २७ सप्टेंबर २०२६ पासून मनाई. मग मराठीत आपण होऊन मोघमपणा का वाढवायचा?

अजून एक शब्द सुचवते, कारण तो माझ्या जवळचा आहे : 'पुरवून वापरणे'. माझ्या त्याच जॅकेटच्या चेनचा रनर झिजला, दात पकडेना. बाकी कापड धडधाकट, एक टाका उसवलेला नाही. कंपनीकडं विचारलं तर उत्तर आलं की दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या. शेवटी एका शिंप्याने पाच मिनिटांत रनर बदलून दिला, अजून घालतेय. मला कंपनीच्या त्या उत्तराचं फार वाईट वाटलं होतं, कारण त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात 'शाश्वत' चार वेळा छापलेलं होतं. तुमच्या अहवालात दुरुस्तीचा, सुट्या भागांचा विभाग असेल तर त्याचं शीर्षक 'शाश्वत वापर' करू नका, 'पुरवून वापरा' करा. आणि मूल्यमापनाच्या प्रकरणाला 'निसर्गाला किती झेपतं?' असं थेट नाव द्या. संपादकांनी हरकत घेतली तर इथं कळवा, त्यांच्यासाठीही उदाहरणं काढून देईन.