नवी सीव्हीई (क्रमांक दिलेली सुरक्षा-त्रुटी) जाहीर झाली, रूल उतरवला, तरी सुरिकाटा गप्प का?

वेर्णा_नेटवर्क:
वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कोअर स्विचच्या मिरर पोर्टवर (तिथे ट्रॅफिकची फक्त प्रत येते) सुरिकाटा ७, म्हणजे ट्रॅफिकमधले हल्ले ओळखून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर, बसवलं आहे. रॅम ८ जीबी, रूल्स (हल्ला ओळखायच्या खुणा) ईटी ओपन या मोफत संचाचे. रोज रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) नवे रूल्स उतरवणारं सुरिकाटा-अपडेट चालवतो. फाइलची तारीख बदलते, पण नव्या सीव्हीईची चाचणी रिक्वेस्ट वेब सर्व्हरवर पाठवली की अलर्ट येत नाही. हाताने रीलोड केलं तर कधी कधी सुरिकाटाच बंद पडतं. शिवाय वरून विचारणा आहे: रूल लागला तर पॅच चतुर्थीच्या सुट्टीनंतर केला तर चालेल का?

फोंडा_सिसअ‍ॅडमिन:
सुरिकाटा-अपडेट फक्त फाइल तयार करतं. चालू असलेलं सुरिकाटा मेमरीतले जुनेच रूल्स वापरत राहतं. क्रॉनच्या ओळीत रीलोड-कमांड हा पर्याय घाला आणि त्यातून सुरिकाटाएससीला (चालू सुरिकाटाला आदेश पोचवणारं साधन) रुलसेट-रीलोड-रूल्स हा आदेश द्या. प्रोसेसला यूएसआर२ सिग्नल दिला तरी तेच होतं.

रीलोडच्या वेळी नवा संच पूर्ण तयार होईपर्यंत जुनाही मेमरीत असतो, म्हणजे रूल्सचा भार काही वेळ दुप्पट. ८ जीबीत कर्नल प्रोसेस मारत असणार. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. तुमच्याकडे नसलेल्या सॉफ्टवेअरचे रूल्स डिसेबल.कॉन्फमध्ये गटाने बंद करा, नाहीतर रॅम वाढवा. मी दोन्ही करीन.

मग सुरिकाटा.रूल्स या फाइलमध्ये सीव्हीईचा आकडा ग्रेप करा, म्हणजे शोधा. लॉग४शेल या २०२१च्या गाजलेल्या त्रुटीसाठी ‘२०२१-४४२२८’ शोधतात तसंच. ओळीच्या सुरुवातीला # असेल तर रूल आलाय, पण बंद आहे. तो चालू करायला एनेबल.कॉन्फमध्ये त्याचा एसआयडी (रूलचा क्रमांक) लिहा. सुरिकाटा.रूल्समध्ये हाताने # काढू नका, पुढच्या अपडेटला ती फाइल नव्याने लिहिली जाते. शेवटी रुलसेट-फेल्ड-रूल्स हा आदेश चालवा. चालू इंजिन चुकीचा रूल गाळून पुढे जातं आणि त्याची नोंद फक्त लॉगमध्ये राहते.

म्हापसा_पॅकेट:
वेर्णेकर बाब, चाचणी रिक्वेस्ट ४४३ वर (एचटीटीपीएसच्या पोर्टवर) पाठवली होती का? तसं असेल तर वरचं सगळं करूनही अलर्ट येणार नाही. एचटीटीपी-यूआरआय किंवा एचटीटीपी-हेडर पाहणाऱ्या रूलला टीएलएसच्या (एचटीटीपीएसमधल्या एन्क्रिप्शनच्या) आतलं काही दिसत नाही; दिसतं ते एसएनआय (साइटचं नाव), सर्टिफिकेट आणि जेए३ (क्लायंटची ओळखखूण) एवढंच. एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी (अ‍ॅप्लिकेशनच्या पुढे राहून रिक्वेस्ट घेणारा) टीएलएस उलगडतो, त्याच्या मागच्या बाजूची, प्रॉक्सी ते अ‍ॅप्लिकेशन अशी साध्या एचटीटीपीची वाट मिरर करा. ती वाटही टीएलएसवरच असेल तर तिथेही हाती काही लागत नाही.

आत येणाऱ्या रिक्वेस्टवर सगळी भिस्त ठेवणंही धोक्याचं. लॉग४शेलमध्ये हल्लेखोर पेलोडमधला ‘जेएनडीआय’ हा शब्द ‘लोअर’ वगैरेंनी तुकडे करून पाठवत आणि साधे कंटेंट रूल्स चुकवत. हल्ला लागू पडला तर सर्व्हर स्वतःहून बाहेर एलडीएपी (डिरेक्टरी सेवेचं) कनेक्शन उघडतो. ती खूण लपवणं अवघड. म्हणून होम-नेटमध्ये (सुरिकाटाला ‘आपलं नेटवर्क’ सांगणारी यादी) सर्व्हरचे सगळे सबनेट आहेत ना, पणजी ऑफिसचेही, ते तपासा. एक जरी सुटला तर होम-नेटवरून दिशा ठरवणारे रूल्स त्या सबनेटला लागू होत नाहीत.

स्टॅट्स.लॉगमधला कॅप्चर.कर्नल-ड्रॉप्स वाढत असेल तर पॅकेटच गळत आहेत. इंटरफेसवर जीआरओ आणि एलआरओ (पॅकेट्स जोडून मोठी करणाऱ्या सोयी) बंद आहेत का तेही इथटूलने पाहा.

वेर्णा_नेटवर्क:
चाचणी ४४३ वरच होती. प्रॉक्सीमागे मिरर लावतो. रूल यायलाच उशीर झाला तर?

फोंडा_सिसअ‍ॅडमिन:
स्वतः लिहा. एसआयडी १०००००० ते १९९९९९९ या पट्ट्यात ठेवा, बदल केला की रेव्ह (रूलच्या आवृत्तीचा आकडा) वाढवा. एक्सप्लॉइटच्या गाजलेल्या नमुन्यावर नव्हे, ज्या पाथ आणि पॅरामीटरमध्ये खोट आहे त्यावर लिहा. पेलोड रोज बदलतात, पाथ नाही. आधी हल्ल्याच्या पीकॅपवर (साठवलेल्या ट्रॅफिकच्या फाइलवर) आणि मग स्वतःच्या नेहमीच्या ट्रॅफिकच्या पीकॅपवर चालवून पाहा: ‘-आर’ने पीकॅप, कॅपिटल ‘-एस’ने फक्त तुमची फाइल, आणि ‘-के नन’, नाहीतर चेकसम चुकलेली पॅकेट्स वगळली जातात. पहिल्यात अलर्ट हवा, दुसऱ्यात शून्य. मगच कॅपिटल ‘-टी’ने तपासणी आणि रीलोड.

रूल लागल्यावर मागे वळून ईव्ह.जेसन या सुरिकाटाच्या लॉग फाइलमधल्या जुन्या एचटीटीपी नोंदींत तोच पाथ शोधा. सीव्हीई जाहीर होण्याआधीच कुणी आत शिरलं असेल तर नवा रूल ते सांगणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते, म्हणून या नोंदी फिरवून पुसू नका.

म्हापसा_पॅकेट:
पॅचबद्दल: नाही, थांबू नका. मिरर पोर्टवरचं सुरिकाटा काही अडवू शकत नाही, रूलमध्ये ‘ड्रॉप’ लिहिलं तरी. सीव्हीई सिसा या अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेच्या केईव्ही यादीत (प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी) असेल, तर तिचा वापर प्रत्यक्षात होतो आहे. चतुर्थीला कार्यालय रिकामं असताना अलर्ट पाहणार कोण? पॅच त्याआधीच करा. तेवढा वेळ मिळत नसेल तर ती सेवा बाहेरून बंद करा, व्हीपीएनमधूनच उघडी ठेवा.