सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, श्वास देणं) कोर्स करायचाय, नेमका कोणता घेऊ?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबडमध्ये कंपनीत आहे. घरी वडील ६८ चे, मागच्या वर्षी बायपास झालीय. बहिणीची ८ महिन्यांची मुलगी दिवसभर आईकडेच असते, परवा तिने कुठून तरी शेंगदाणा उचलून तोंडात घातला, खोकून बाहेर पडला म्हणून बरं, पण आईचे हातपाय गार पडले. तेव्हापासून शोधतोय तर कुणी बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) म्हणतं कुणी हार्टसेव्हर (सामान्य लोकांसाठीचा कोर्स), एकीकडे दोन तासांचं फुकट शिबिर आहे. बीएलएस सगळ्यात भारी दिसतोय, तोच करून टाकू का?

पंचवटीची_सिस्टर
दादा, बीएलएस आमच्यासारख्यांसाठी असतो, डॉक्टर, नर्स, ब्रदर. त्यात नाडी बघणं, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), टीमने काम करणं. घरात अंबू बॅग ठेवणार आहात का 😀 तुम्हाला हार्टसेव्हर पुरे, पण पैसे भरायच्या आधी विचारा की बाळाचा भाग त्यात आहे का, काही बॅचमध्ये फक्त मोठ्या माणसांचंच शिकवतात. बाळाचं सगळंच वेगळं. घशात अडकून श्वास कोंडला तर पालथं धरून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर ५ वेळा दाबायचं, पोट अजिबात दाबायचं नाही. आणि बाळाला दोन बोटांनी सीपीआर द्यायला शिकवत असतील तर समजा जुनंच चाललंय, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या गाइडलाइनमध्ये दोन अंगठे नाहीतर एका हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा भाग आहे.

सातपूरवाला
ऑनलाइनच्या नादी लागू नको भाऊ. मी केला होता एक, व्हिडिओ बघितले, दहा प्रश्न, लगेच सर्टिफिकेट. नंतर एका शिबिरात बाहुलीवर हात ठेवला तर ती टक् वाजेचना, म्हणजे ५ सेंमी दाबलंच जात नव्हतं, आणि मिनिटाला १०० ते १२० च्या स्पीडने दाबताना दीड मिनिटात खांदे भरून आले. एका बाहुलीमागे किती जण असतात ते विचार, वीस जणांत एक असेल तर तुझा नंबर येईपर्यंत चहाची सुट्टी होते.

गंगाकाठ
फुकट शिबिरांना नावं ठेवू नका, तिथे बऱ्याचदा कॉल्स (कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) शिकवतात, म्हणजे नुसतं छाती दाबणं, तोंडाने श्वास नाही. वडिलांसाठी सुरुवातीला ते चांगलंच आहे. पण बाळाला आणि बुडालेल्याला श्वासही द्यावा लागतो, ३० वेळा दाबून २ श्वास. आपल्याकडे रामकुंड आणि गंगापूर धरण असताना तेवढं यायलाच पाहिजे, त्यात सिंहस्थ आलाय.
आणि कंपनीत दाखवायला सर्टिफिकेट हवं असेल तर आधी सेफ्टी ऑफिसरला विचार. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४५ प्रमाणे फर्स्ट एड बॉक्स सांभाळणाऱ्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट लागायचं, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा लेबर कोड आलाय, पण नुसत्या सीपीआरच्या कागदावर भागेलच असं नाही.

इंदिरानगरकर
धन्यवाद सगळ्यांना. मग बाळाचा भाग असलेला हार्टसेव्हर, आणि आईलाही नेतो, दिवसा घरी तीच असते. पण तिचे गुडघे दुखतात, बाबांना पलंगावरच दाबलं तर नाही का चालणार?

पंचवटीची_सिस्टर
नाही हो, गादीच दबते, छाती नाही. जमिनीवरच घ्यायचं. आणि १०८ येईपर्यंत त्या एकट्या पुरणार नाहीत, दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. शेजारच्या काकूंनाही त्याच बॅचला बसवा.